हद्दीचा दगड सापडतो का?

मागच्या अंकात मी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबद्दल लिहिलं होतं. १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅमच्या हाताखाली सुरू झालेल्या या खात्याला आता माणसं वाढवून हवीत, यंत्रं हवीत आणि स्मारकांचं राखणं घट्ट व्हायला हवं, असं त्या लेखाचं म्हणणं. त्यावर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतो. मी पुरातत्त्वज्ञ नव्हे, सर्वेक्षक. उत्खननांवर आणि डागडुजीच्या कामांवर ३२ वर्षं मोजमापं घेतली. साखळी आणि प्लेन टेबल या मोजणीच्या जुन्या साधनांवर हात बसला, शेवटची चार वर्षं ड्रोनचे नकाशे केले. त्यामुळे माझी उत्तरं मोजणी करणाऱ्याचीच असणार.

आमच्या गावात केंद्र सरकारच्या संरक्षणातलं जुनं देऊळ आहे. निळा फलक आहे, पण माणूस दिसत नाही. उपग्रह, ड्रोन, थ्रीडी स्कॅन यांनी आमच्या देवळाचं काय भलं होणार? — निवृत्त शिक्षक, मराठवाडा

सर, आधी माणसांचं बोलू. २०२२ साली संसदीय समितीपुढे जे आकडे आले ते मी वहीत उतरवून ठेवले आहेत. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं ३,६९३. त्यांतल्या २४८ ठिकाणी सुरक्षा कर्मचारी. एकूण कर्मचारी २,५७८, आणि गरज ७,००० ची. म्हणजे साधारण पंधरा स्मारकांमागे एका ठिकाणी पहारा. ताजमहालाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आहे. आडगावातल्या देवळाला एखादा परिचर असतो, तोही कधी कधी चार गावांत मिळून एक.

माणूस नसला की काय होतं, तेही कागदावर आलेलं आहे. महालेखापरीक्षकांच्या (कॅगच्या) २०१३ च्या अहवालासाठी १,६५५ स्मारकं प्रत्यक्ष जाऊन पाहिली गेली, त्यांतली ९२ जागेवर मिळाली नाहीत. पुढे शोधाशोध करून बरीच सापडली, ५० उरली. त्यांपैकी १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, आणि २४ चा पत्ताच लागेना. त्या बेपत्ता यादीत पुण्यातली एक जुनी युरोपियन कबर होती, रायगड जिल्ह्यातल्या आगरकोटचा एक बुरूज होता. २०२४ मध्ये १८ स्मारकं यादीतून वगळायचं ठरलं. हरियाणातला मुजेसरचा कोस मिनार, म्हणजे जुन्या रस्त्यावर अंतर दाखवणारा मनोरा, त्यातलाच.

बुरूज हरवतो कसा, हे मला अनेकांनी विचारलं आहे. एका रात्रीत तो कोणी उचलून नेत नाही. जुन्या अधिसूचनेत नुसतं गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि 'गावाच्या पूर्वेस' एवढंच असतं. आपल्याकडे मधल्या काळात जमिनींचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. नवा तलाठी आला की त्याला जुना नंबर ठाऊक नसतो. स्मारक जागेवर असतं, पण कागदावरचं स्मारक आणि जमिनीवरचं स्मारक यांची ताटातूट झालेली असते. मग कुणी तरी भिंतीला भिंत लावून घर बांधतं आणि त्याला हटकायला कागद सापडत नाही.

एका देवळाची हद्द काढायला मी गेलो होतो. नकाशात चार कोपऱ्यांना चार दगड दाखवलेले, जमिनीवर तीन. चौथ्यासाठी दोन दिवस घाणेरीत फिरलो. शेवटी गावातले एक आजोबा काठी टेकत आले आणि एका गोठ्याकडे घेऊन गेले. दावणीचा खुंटा म्हणून जो दगड वर्षानुवर्षं वापरात होता, त्याच्यावरचं शेण पाण्याने धुतलं तर खाली कोरलेला बाण निघाला. कुंपण त्या दगडापासून अकरा मीटर आत घातलेलं होतं. म्हणजे अकरा मीटरची पट्टी कधीच गेली होती, कुणाच्या लक्षातही न येता.

यंत्राचं खरं काम इथे आहे. त्या चार दगडांचे अक्षांश-रेखांश एकदा पक्के घेतले, की पुढे दगड गेला तरी हद्द जात नाही. इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राने राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणासाठी स्मारकांच्या हद्दी उपग्रह नकाशांवर चढवायचं काम केलं आहे. मला विचाराल तर खात्याच्या सगळ्या नव्या तंत्रज्ञानात हे सर्वांत मोलाचं. पण नकाशावर घुसखोरी दिसली, की दुसऱ्या दिवशी तिथे जाणारा कोणी तरी पाहिजे.

भिंतीला तडा गेला की आम्ही त्यावर आडवी काचेची पट्टी बसवतो, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा लावून, वर तारीख टाकून. तडा सरकला की काच फुटते. एक कोल्हापुरी परिचर होता, शाळा चौथीपर्यंत शिकलेला. तो रोज झाडून झालं की सहाही काचांवरून बोट फिरवायचा. एका श्रावणात त्याचा फोन आला, "साहेब, तीन नंबरची काच गेली." आम्ही आठवड्यात टेकू लावले आणि ती भिंत आज उभी आहे. आता त्या जागी इलेक्ट्रॉनिक मापक येतात, मिलिमीटरचा शंभरावा भाग सांगतात. ते हवेतच. पण त्यांचा इशारा ज्याच्या फोनवर जाईल, तो माणूस पदावर नेमलेला हवा, आणि ते पद रिकामं नको.

तुमच्यापुरतं सांगतो. देवळाच्या अधिसूचनेची प्रत आणि हद्दीचा नकाशा पुरातत्त्व खात्याच्या मंडल कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागा. मग शाळेची पोरं घेऊन दगड मोजायला जा.

गावाबाहेर नदीकाठी आमची पांढर आहे. दर उन्हाळ्यात जेसीबी लावून तिथली माती शेतात टाकतात. रंगीत खापरं, मणी निघतात, कधी हाडंही. कुणाला कळवलं तर सरकार जमीन घेईल, असं सगळे म्हणतात. काय करू? — तरुण शेतकरी, गोदावरीकाठ

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. काळीत पीक आणि पांढरीत वस्ती, हे आपल्या गावांचं जुनं गणित. मातीच्या भिंती पडल्या, त्यावर पुन्हा घरं उठली, चुलीची राख आणि गुरांचं शेण साचत गेलं, असं शेकडो वर्षं होऊन ते टेकाड उंच झालं. राखेमुळे ती माती पिकाला मानवते, म्हणून शेतकरी ती नेतात, आणि त्यात त्यांचा दोष मी काढणार नाही. बैलगाडी आणि घमेलं होतं तेव्हा टेकाड हळूहळू झिजायचं. जेसीबीचा एक बकेट दीड-दोनशे वर्षं एका घासात उचलतो.

आत काय असतं, याचा अंदाज यावा म्हणून इनामगाव सांगतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी. १९६८ पासून डेक्कन कॉलेजने तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव निघालं. घरं, धान्याचं कोठार, पुराचं पाणी वळवणारा पाट. आणि घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आत मूल. आईबापांनी आपलं लेकरू उंबऱ्याच्या आतच ठेवलं होतं. तुमच्या पत्रातली 'कधी हाडंही' ही तशी असू शकतील. ती माणसं तुमच्यासारखीच नदीकाठची शेतकरी होती.

खापर लाल, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, टिचकी मारली की धातूसारखं खणखणतं, असं असेल तर ते जोर्वे पद्धतीचं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. लांब तोटीचा चंबू हे त्यातलं ओळखीचं भांडं.

आता दायमाबाद. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार मूर्ती मिळाल्या. रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा, सगळ्या तांब्याच्या धातूत ओतलेल्या, मिळून ६० किलोच्या वर. मोडीत गेल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. त्या वाचल्या आणि त्यामुळे तिथलं मोठं उत्खनन पुढे झालं. पण मूर्ती कुठल्या थरातून आल्या, हे खोदताना पाहिलेलं नसल्याने त्यांच्या काळाबद्दल विद्वानांचा वाद अजून चालू आहे. वस्तू हातात आहे आणि तिचा पत्ता हरवला आहे. म्हणून मी कळकळीने सांगतो, वस्तूपेक्षा जागा महत्त्वाची.

जमिनीच्या भीतीबद्दल. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही जमिनीत मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कळवल्याने जमीन जात नाही. पुढे ती जागा केंद्राने संरक्षित केली तरी १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात शेतीला मुभा आहे, फक्त नांगर एक फुटापेक्षा खोल जायला नको. बांधकाम आणि माती काढणं मात्र थांबतं. त्यासाठी गावाला पर्यायी खत-मातीची मदत मिळाली पाहिजे. याची तरतूद मला कुठल्याच योजनेत दिसत नाही, आणि ती व्हायला हवी. पांढर राखणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात काहीच पडत नसेल, तर फलक लावून ती वाचणार नाही.

तुम्ही एवढं करा. सापडलेली खापरं धुऊ नका. कापलेल्या कडेचा फोटो काढा, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे माप कळतं. फोनवरचं स्थान आणि गट नंबर लिहा. तहसीलदार आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला एकच अर्ज द्या, पोच घ्या. मणी विकत मागणारे येतील, त्यांना देऊ नका.

संरक्षित मकबऱ्यापासून आमचं घर ७० मीटरवर आहे. छत गळतं, पण दुरुस्तीला परवानगीच मिळत नाही असं सांगतात. स्मारक जपायचं म्हणजे आम्ही भिजायचं का? — गृहिणी, खान्देश

नाही ताई. आणि तुम्हाला कुणी तसं सांगितलं असेल तर चुकीचं सांगितलं.

संरक्षित हद्दीपासून पहिले १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. १९९२ मध्ये ही वर्तुळं आली, २०१० च्या दुरुस्तीने ती कायद्यात पक्की झाली. पहिल्या १०० मीटरात नवं बांधकाम नाही. पण १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येतं. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, निर्णय राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचा, आणि आता अर्ज ऑनलाइनही होतो. घर जुनं असल्याचा पुरावा जोडा. घरपट्टीची जुनी पावती, सिटी सर्व्हेचा उतारा, वीजबिल.

एक गोष्ट जरूर तपासा. अंतर मकबऱ्याच्या भिंतीपासून धरत नाहीत, संरक्षित जागेच्या हद्दीपासून धरतात. मी स्वतः एका कुटुंबाचं अंतर मोजायला गेलो तेव्हा एका अभियंत्याने ते घुमटापासून मोजून ठेवलं होतं, दुसऱ्याने रस्त्यापासून. दोन कागदांवर दोन आकडे, आणि ते कुटुंब चार वर्षं खेटे घालत होतं.

माझं मत विचाराल तर मैदानातल्या एकट्या कबरीला आणि दाट पेठेतल्या मकबऱ्याला एकच १०० मीटर लावणं मला पटत नाही. कायद्यातच प्रत्येक स्मारकासाठी वेगळे वारसा उपनियम करण्याची सोय आहे. ते करायला वास्तुविशारद, सर्वेक्षक, नगररचनाकार लागतात. तेवढी माणसं नाहीत, म्हणून उपनियम नाहीत, म्हणून तुमचं छत गळतं आहे.

मी पुरातत्त्वात एम.ए. करते आहे. खात्यात जायचं आहे. नव्या तंत्रज्ञानातलं काय शिकू? — विद्यार्थिनी, पुणे

टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र), जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडणं) आणि ड्रोनच्या फोटोंवरून थ्रीडी नकाशा, या तीन गोष्टी कामापुरत्या तरी शीक. कोकणातल्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची कातळशिल्पं आठव. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. जमिनीवर उभं राहून तो अख्खा दिसतच नाही, आणि हातांनी रेखाटायला आम्हाला आठवडा लागला असता. ड्रोन तो सकाळच्या तिरप्या उन्हात अर्ध्या तासात टिपतो.

पण खापराचं चित्र हाताने काढायलाही शीक. खापराची कड नजरेने वाचता आली पाहिजे, ते संगणक शिकवत नाही.

आणि लिहायला शीक, हे सर्वांत आधी. नेवाशाचं उत्खनन १९५४ ते ५६, डेक्कन कॉलेजच्या प्रा. सांकळियांच्या चमूचा अहवाल १९६० ला छापून हातात. लोथल १९५५ ते ६२, अहवालाचे दोन खंड १९७९ आणि १९८५ ला. कालीबंगा साठच्या दशकात खोदलं, पहिला खंड २००३ मध्ये आला. खोदणाऱ्यांत आळस होता असं मी म्हणणार नाही. दरम्यान बदल्या झाल्या, ड्राफ्ट्समन निवृत्त झाले, माणसं गेली. खोदणं म्हणजे एकदाच वाचता येणारं पुस्तक पान वाचलं की फाडत जाणं. टिपणं छापली नाहीत तर ती जागा दुसऱ्यांदा नष्ट झाली. नव्या पदांत खोदणाऱ्यांइतकेच अहवाल पुरा करणारे लोक हवेत, आणि अहवाल हाती येईपर्यंत त्यांना हलवू नये.

एका कार्यालयात मी नवंकोरं लेसर स्कॅनर पेटीत बंद पाहिलं. प्रशिक्षण घेतलेल्या मुलाची बदली झाली होती आणि किल्ली त्याच्याबरोबर गेली होती. कुलूप फोडून काढलं तर बॅटरी फुगलेली.

रसायनशास्त्राकडे मैत्रिणींना वळव. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून आणलेल्या कारागिरांनी रंग टिकावेत म्हणून लाखेचं वार्निश चढवलं. हेतू चांगला होता. वार्निश पिवळं पडलं, खालचा रंग ओढू लागलं, आणि ते थराथराने उतरवण्यात पुढे रसायनतज्ज्ञांच्या पिढ्या गेल्या. खात्याची विज्ञान शाखा डेहराडूनला आहे. तिथे जाण्याचं स्वप्न फार कमी मुलं बघतात.

रस्ता असा. वरची पदं केंद्रीय लोकसेवा आयोगातून भरतात. ग्रेटर नोएडाच्या पुरातत्त्व संस्थेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, जागा मोजक्या, पण हात तयार होतो. तोवर सुट्टीत कुठल्याही उत्खननावर फुकट जा, घमेली उचल.

आम्ही दर रविवारी गडावर जातो. एक तटबंदी ढासळते आहे. वर्गणी काढून सिमेंटने बांधून काढावी का? — दुर्गप्रेमी मंडळ, पुणे जिल्हा

सिमेंट नको, मुलांनो. तुमची माया मला कळते. पण जुनी भिंत चुन्यात बांधलेली आहे, ती पाणी घेते आणि सोडते. सिमेंट सोडत नाही. पाणी आत अडकतं, क्षार दगडात उतरतात आणि सिमेंट टिकतं, शेजारचा दगड खपल्या होऊन गळतो. मी असे बुरूज हाताने चाचपून पाहिले आहेत, बोटाला पीठ लागतं.

आधी गड कुणाचा ते बघा. २०२५ मध्ये जे १२ किल्ले जागतिक वारशात गेले त्यांतले रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राकडे आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याकडे. संरक्षित गडावर परवानगीशिवाय दगड हलवणं हाही गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. संबंधित कार्यालयाला पत्र द्या आणि देखरेखीखाली श्रमदान मागा. पाण्याच्या वाटा मोकळ्या करणं आणि तटावरचं वडा-पिंपळाचं रोप कोवळं असताना ओळखून कळवणं, ही दोन कामं शंभर गोण्या सिमेंटपेक्षा मोठी आहेत.

आणि दर महिन्याला त्या तटबंदीचा एक फोटो घ्या. उभं राहायची जागा एकच, खडूने खूण करून ठेवलेली, उंची एकच, वेळ सकाळची. पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला की कुठला दगड सरकला ते दिसेल. तीन महिन्यांचे फोटो झाले की मला पाठवा, मोजून देतो.